सांगाड्यावर फ्लेक्स

आमच्या धंद्यात सांगाडा लोकांना दाखवायचा नसतो. बांबू उभे राहिले, आडवे पडले, कैच्या बांधून झाल्या की गिऱ्हाइकाचा जीव वर-खाली व्हायला लागतो. "शेठ, कापड कधी चढवताय? लोक बघतायत." कापड चढलं, झालर लागली, लायटिंग पेटलं की मग त्यांना मंडप दिसतो. आतल्या बांबूंकडे त्यानंतर फक्त आम्ही बघतो, तेही पाऊस आला तर.

वडिलांपासून आमचा मंडप डेकोरेटरचा व्यवसाय, गोडाऊन कळव्याला. गणपती, नवरात्र, दहीहंडीची स्टेजं, लग्नं, हळदी, निवडणूक आली की सभा. त्यामुळे एका आंतरराष्ट्रीय कला महोत्सवाच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, स्टेज किती बाय किती? पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, स्टेज नकोय. फक्त बांबू हवेत. आणि ते काम कधी पूर्ण व्हायला नकोय."

मला वाटलं, पोरगी नवीन आहे.

महोत्सव ठाणे शहरभर पसरलेला होता. स्टेशनजवळच्या सॅटिस पुलाखाली कुणाचं तरी आवाजाचं काम, उपवनला पाण्याकाठी काही, आणि आमचं तलावपाळीवर, गडकरी रंगायतनच्या बाजूला. कलाकार बाई पोर्तुगालच्या. मागे कधीतरी भाद्रपदाच्या आधी त्या मुंबईत आल्या होत्या तेव्हा जागोजागी अर्धवट मंडप दिसले, आणि हे लोक सगळ्यात सुंदर भाग शेवटी कापडाने झाकून का टाकतात, हे कोडं त्यांच्या डोक्यात बसलं. म्हणून काम असं, की पस्तीस फुटी सांगाडा उभा करायचा, रोज एका बाजूने थोडा वाढवायचा आणि दुसऱ्या बाजूने तेवढाच सोडायचा. महिनाभर. कापड नाही, छप्पर नाही, मूर्ती नाही, खुर्ची नाही. आमची पोरं वर चढून गाठी मारतात, हाच कार्यक्रम.

आमचे मुकादम, त्यांना सगळे मामाच म्हणतात, हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पैसे देऊन वेळकाढूपणा करायला सांगतायत."

परवानग्या मात्र नेहमीच्याच. महापालिका, पोलिस ठाणं, वाहतूक पोलिस, अग्निशमन दल. प्रत्येक टेबलावर एकच अडचण, अर्जात "कार्यक्रमाचे स्वरूप" या रकान्यात लिहायचं काय? एका साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, सभा कुणाची आहे?" आणि दुसरी अट खड्ड्यांची. रस्त्यात किंवा फुटपाथवर खड्डा काढला की दंड, हे आता लहान मंडळांनाही पाठ झालंय. मग आम्ही बिनखड्ड्याचा मंडप लावला. दोनशे लिटरचे निळे ड्रम, त्यात रेती ठासून भरायची, मध्ये बांबू. भरलेला एक ड्रम तीनशे किलोच्या वर जातो. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही करताना एक ओळ मुद्दाम घातली होती: सांगाड्यावर कोणतेही कापड, फ्लेक्स वा पत्रा लावू नये. ती ओळ मी वाचली होती. इतर कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

पहिले दिवस मजेत गेले. सकाळी फिरायला येणारी मंडळी कट्ट्यावर बसून आमच्या पोरांना सूचना द्यायची. एका निवृत्त सरांनी बाई पोर्तुगालच्या आहेत हे कळल्यावर मला गंभीरपणे विचारलं, "१७३७ साली यांना आपण ठाण्यातून घालवलं होतं ना? परत कुणी बोलावलं?" बाईंना हे भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी किल्ला कुठे आहे म्हणून विचारलं. आता त्यात कारागृह आहे हे कळल्यावर खूप हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सरांसाठी डबाभर बिस्किटं घेऊन आल्या.

रिकामा मंडप ठाण्यात रिकामा राहत नाही, हे मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तसंच झालं. कुणी चपला काढून आत यायला लागलं. एका सकाळी मधोमध रांगोळी होती. गजरेवाल्या बाईंनी टोपली सावलीत सरकवली. सांगाड्याची सावली ती काय, पण तेवढीही त्यांना पुरे. पोर्तुगालच्या बाईंना हे सगळं आवडायचं. महोत्सवाचे क्युरेटर साहेब मात्र अस्वस्थ व्हायचे. त्यांनी एक पाटी करून आणली होती, "ही कलाकृती आहे, कृपया हात लावू नये." मी म्हटलं, साहेब, लावा खुशाल, पण संध्याकाळपर्यंत त्या पाटीवर कुणाच्या तरी क्लासेसची जाहिरात चिकटेल. बाईंनी पाटी लावूच दिली नाही.

त्या दिवशी पहाटे मामांचा फोन. "शेठ, लवकर या. आपल्या मंडपावर भाऊ आलेत."

जाऊन बघतो तर तलावाकडच्या बाजूला, वरच्या भागात, तीस बाय वीस फुटांचा फ्लेक्स. भाऊंचा वाढदिवस. मधे भाऊ हात जोडून, खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा, प्रत्येकाचा गोल फोटो. फ्लेक्स असा ताणलेला की एक सुरकुती नाही. मी रागात होतो तरी नजर आधी गाठींवर गेली. कोपऱ्याला दुहेरी सुतळी, मधे दर दोन फुटांवर फासा, ओढून परत उलटा मारलेला. ही गाठ आमच्याच गोडाऊनमध्ये शिकतात.

पूर्वी आमच्याकडे असलेल्या एका पोराला मी थेट फोन लावला. पलीकडून झोपेतला आवाज, "दादा, तो मंडप तुमचा होता? आम्हाला वाटलं भाऊंसाठीच उभा केलाय. महिनाभर रिकामा उभा आहे, मग कुणासाठी असणार?"

सांगा, याला काय उत्तर देणार?

आठच्या सुमाराला क्युरेटर आले, इंजिनिअर आले, ऑफिसची ती मुलगी आली. क्युरेटरना पोलिसात तक्रार द्यायची होती. इंजिनिअरला त्यात रस नव्हता, तो ड्रमकडे बघत होता. नुसत्या बांबूंतून वारा आरपार जातो. फ्लेक्स लावला की त्याचं शीड होतं. त्याने ड्रमच्या झाकणावरच खडूने हिशेब मांडला. तीस बाय वीस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. वारा ताशी ३६ किलोमीटर असेल, म्हणजे झाडाच्या फांद्या हलतील एवढाच, तरी चौरस मीटरला सहा किलोच्या आसपास दाब. एकूण तीनशे चाळीस किलो, तेही वरच्या टोकाला ढकलणारे. आणि वारा दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. मुंबईसाठी कायमच्या बांधकामाला सेकंदाला ४४ मीटर वेग धरून चालतात. तो आकडा घातला असता तर खडूच संपला असता. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. तेव्हापासून फ्लेक्स आणि वारा हे दोन शब्द एकत्र आले की आमच्या धंद्यात कुणी हसत नाही.

सकाळी तलावावर पानही हलत नव्हतं. जानेवारीत असंच असतं. पण दुपारी बारा-एकनंतर पश्चिमेचा वारा धरतो आणि सूर्य कलेपर्यंत सोडत नाही. म्हणजे हातात चार तास.

दहाला पोरं आली. चौघं, त्यातले दोघे पूर्वी माझ्याकडे होते. मी परिस्थिती समजावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. भाऊ अकरा वाजता तलावपाळीवर केक कापायला येणार, फ्लेक्सच्या खाली फोटो होणार, त्याआधी फ्लेक्स उतरला तर यांचं काही खरं नाही. एकाने तोडगा काढला, "दादा, वाऱ्याची भोकं पाडतो ना." हे आपल्याकडे सगळेच करतात, फ्लेक्सला अर्धचंद्रासारखे काप देतात. इंजिनिअर म्हणाला, त्याने फारसा फरक पडत नाही, उलट फ्लेक्स तिथून फाटतो. पण पोरं ब्लेड घेऊन वर चढलीसुद्धा.

आणि वर जाऊन थांबली. काप द्यायचा कुठे? भाऊंच्या चेहऱ्यावर अर्थातच नाही. वरच्या नेत्यांच्या फोटोंवर तर त्याहून नाही. राहिले शुभेच्छुक. एकाने खालच्या रांगेतल्या एका गोलावर ब्लेड टेकवलं तर खालून आरोळी, "ए, तो माझा मेव्हणा आहे!" दुसऱ्याने शेजारचा गोल धरला, तर तो प्रभागातला कुणी पदाधिकारी निघाला. कट्ट्यावरची मंडळी आता उठून उभी राहिली होती. निवृत्त सर मतं द्यायला लागले. बाई हे सगळं त्या मुलीकडून समजून घेत होत्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. क्युरेटर हसत नव्हते.

मुलगी कोचीच्या बिनाले या कला महोत्सवात काम करून आलेली, तिला असल्या गोष्टी बऱ्याच माहीत. तिने क्युरेटरना, खरं तर आम्हा सगळ्यांनाच, मोबाइलवर फोटो दाखवले. १९७७ साली जर्मनीत म्युन्स्टर शहरात क्लेस ओल्डनबर्ग या शिल्पकाराने तलावाकाठी काँक्रीटचे तीन गोळे ठेवले, साडेतीन मीटर व्यासाचे. विद्यार्थी जमले आणि ते ढकलून तलावात लोटायला निघाले. गोळे जागचे हलले नाहीत. आजही तिथेच आहेत, लोक त्यांच्याभोवती गवतावर लोळतात. दुसरा फोटो न्यूयॉर्कचा. रिचर्ड सेरा या शिल्पकाराने १९८१ मध्ये सरकारी कचेऱ्यांच्या चौकात ३६ मीटर लांबीची लोखंडी भिंत उभी केली. कामावर जाणाऱ्यांना वळसा पडायचा. तक्रारी झाल्या, जाहीर सुनावणी झाली, अखेर १९८९ मध्ये ती कापून नेली. क्युरेटरना यात कलाकारावरचा अन्याय दिसत होता. मी मनातून त्या वळसा घालणाऱ्यांच्या बाजूने. आठ-बाराची फास्ट पकडायला निघालेल्या ठाणेकराच्या वाटेत अशी भिंत घालून दाखवा. आठ वर्षं कोण थांबतंय?

शेवटी ठरलं असं, की केक अकराला फ्लेक्सखालीच कापायचा, आणि कापून झाल्याबरोबर फ्लेक्स उतरवायचा. सांगाड्याच्या चारी बाजूंना आम्ही दोर बांधून माणसांना लांब ठेवलं. गजरेवाल्या बाईंनाही उठवलं, त्यावर त्या माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

भाऊ अकराला आले नाहीत. साडेबारा झाले तरी नाहीत. आमच्याकडे अकरा म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको. पावणेएकला पहिली झुळूक आली. फ्लेक्सचं पोट जरा पुढे आलं, मागे गेलं, आणि वर कुठेतरी काथ्या कुरकुरला. मामांनी एका ड्रमच्या बुडाशी, फरशीवर, खडूने रेघ मारून ठेवली होती. दुसऱ्या झुळकीला ड्रम रेघेवरून बोटभर सरकला. मामांनी काही न बोलता फक्त तिकडे बोट दाखवलं.

ज्याच्याशी मी पहाटे फोनवर बोललो होतो त्या पोराने ते पाहिलं. त्याने भाऊंना फोन केला नाही, कुणाला विचारलं नाही. चप्पल काढली आणि वर गेला, मागोमाग तिघं, आणि आमचेही दोघे. खालचे फासे आधी सोडायचे की वरचे, यावर वरच वाद झाला. वरचे सोडले असते तर फ्लेक्स उलटा पडून एखाद्याला घेऊन खाली आला असता. मामा खालून ओरडत होते, "वाऱ्याकडची बाजू शेवटी! शेवटी रे!" खालून, मग तलावाकडून, मग वरचा एक कोपरा, आणि फ्लेक्स स्वतःच्याच वजनाने लोळागोळा होत उतरला. रात्री बांधायला त्यांना पाऊण तास लागला होता म्हणे, चौघांनी, शिडीशिवाय, मोबाइलच्या उजेडात. बाईंनी हे तीनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांना फ्लेक्सपेक्षा त्या पाऊण तासात जास्त रस होता. आम्ही दिवसभरात बाईंसाठी जेवढ्या गाठी मारत होतो त्याहून जास्त गाठी या पोरांनी एका रात्रीत, फुकट, आणि अंधारात मारल्या होत्या.

सुतळीचे तुकडे बांबूंवर तसेच लोंबत राहिले. ते कापायला आमचा माणूस चढला तर बाईंनी थांबवलं. हे आता कामाचा भाग आहेत म्हणाल्या. क्युरेटरनी वहीत काहीतरी लिहिलं.

भाऊ दोनला आले. फ्लेक्स जमिनीवर अंथरून, चार कोपऱ्यांना चार पोरं उभी करून फोटो झाला. वाऱ्याचं ऐकल्यावर भाऊ उगाच काही बोलले नाहीत, हे सांगायला हवं. उलट बाईंना केक दिला. मग मान वर करून सांगाडा नीट बघितला, ड्रमवर हात आपटून बघितला आणि मला विचारलं, "शेठ, हे पूर्ण कधी होणार?"

म्हटलं, "भाऊ, हे पूर्ण होत नाही. रोज थोडं बांधायचं, थोडं सोडायचं."

भाऊ क्षणभर विचारात पडले. मग खाली वाकून, हळू आवाजात म्हणाले, "आणि बिल?"

"रोजावर."

"कुठल्या खात्यातून मिळतं हो असलं काम?"