लघवीची जळजळ: घरी काय केलं आणि दवाखाना कधी गाठला

बारावीच्या परीक्षेत पर्यवेक्षणाला एकदा वर्गात शिरलं की तीन तास बाहेर पडता येत नाही. त्यामुळे आम्ही बहुतेक शिक्षिका सकाळपासून पाणी बेतानंच पितो. त्याच दिवसांत एका संध्याकाळी लघवीच्या शेवटी अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं पुन्हा तीच घाई, आणि होते ती जेमतेम चमचाभर. ओटीपोट जड झालेलं.

सासूबाईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. "उन्हाळी लागलीय तुला," म्हणाल्या आणि धने-जिरे ठेचून पाण्यात भिजत घातले. मी ते पाणी प्यायले, साधं पाणीही प्यायले, चहा बंद केला, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. दुखणं सहन होईना तेव्हा पॅरासिटामॉल घेतली. या सगळ्यानं आराम पडतो, यात शंका नाही. पाणी पोटात गेलं की लघवी पातळ होते, आग कमी होते, जंतू काही प्रमाणात धुऊन निघतात. पण ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं, त्यांनी असं तांब्यावर तांब्या पाणी पिऊ नये.

रात्री झोपताना ताप मोजला. नव्हता. पाठीत, बरगड्यांच्या खाली दुखत नव्हतं. लघवी गढूळ होती, पण लाल नव्हती. म्हणून सकाळपर्यंत थांबले.

सकाळी आग तशीच. एका सहकारी मैत्रिणीनं फोनवर गोळीचं नाव सांगितलं: नॉरफ्लॉक्सासिन, केमिस्ट देतो, दोन दिवसांत मोकळी होशील. तिनं काळजीपोटीच सांगितलं, पण मी सरळ डॉक्टरांकडे गेले. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर दिलेल्या लघवीत जंतू नीट उगवत नाहीत आणि कल्चरचा, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून कुठला आहे आणि कुठल्या औषधानं मरतो ते बघायच्या तपासणीचा, उपयोग राहत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी आधी भरपूर विचारलं. थंडी वाजून ताप येतो का? उलटी? पाळी चुकलीय का? साखर आहे का? अंगावरून पांढरं जातंय का, खाज येते का? (योनीमार्गाच्या संसर्गातही लघवीला आग होते आणि त्याचं औषध अगदी वेगळं असतं, म्हणून हा प्रश्न. उत्तर द्यायला लाजू नका.) मग पाठीवर दोन्ही बाजूंना मुठीनं हलकं ठोकून पाहिलं. तिथे कळ आली असती तर संसर्ग मूत्राशयातून किडनीपर्यंत चढल्याची शंका आली असती.

लॅबमध्ये हातात नुसती डबी दिली, कसं करायचं ते कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून बरं. हात धुवायचे, जागा साध्या पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची. डबीला आणि झाकणाला आतून बोट लावायचं नाही. नमुना लगेच द्यायचा. उशीर झाला तर वाटेत वाढलेले जंतूच रिपोर्टमध्ये दिसतात.

रुटीन तपासणीत पू-पेशी भरपूर निघाल्या. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, ५ दिवस. या गोळीनं लघवी गडद पिवळी, तपकिरी होते, त्याला घाबरायचं नाही. जळजळ थांबवायचं ते आंबटगोड सिरप मात्र डॉक्टरांनी सोबत घेऊ दिलं नाही. ते लघवीची आम्लता घालवतं आणि ही गोळी आम्ल लघवीतच चांगली चालते. शिवाय ही गोळी मूत्राशयात काम करते, किडनीच्या आत पुरेशी पोचत नाही. ताप आणि पाठदुखी असती तर औषधच वेगळं द्यावं लागलं असतं.

रिपोर्टमध्ये ई. कोलाय निघाला. आपल्याच आतड्यात राहणारा हा जंतू. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, पुरुषाची साधारण २०, म्हणून हा त्रास आपल्याला जास्त. शौचानंतर पुढून मागे धुवायचं ते याचसाठी. औषधांच्या यादीत नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस, म्हणजे लागू पडतं. नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर, म्हणजे जंतू त्यांना दाद देत नाही. मैत्रिणीला मी तो कागद मुद्दाम दाखवला. आग थांबली तरी गोळ्या मी पूर्ण केल्या.

मुख्याध्यापकांशीही बोलले. आता परीक्षेच्या वेळी रिलीव्हर शिक्षिका फिरती असते आणि आम्हाला मध्ये पाच मिनिटं सुटता येतं. पाण्याचं महत्त्व तपासलं गेलेलं आहे: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार त्रास होणाऱ्या आणि एरवी कमी पाणी पिणाऱ्या बायकांपैकी ज्या रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्या त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, ज्या नेहमीइतकंच प्यायल्या त्यांना ३.२ वेळा.

घरी थांबायची मुभा फक्त माझ्यासारखीला: पोटुशी नसलेली, एरवी धडधाकट बाई, नुसती जळजळ, आणि तीही एखादा दिवस. हुडहुडी भरून ताप, कुशीत कळ, उलट्या, यातलं काही असेल तर रात्र असली तरी निघायचं. गरोदर बाई, लहान मूल, पुरुष, लघवीची नळी लावलेला माणूस यांनी वाटच बघायची नाही. लघवीत रक्त दिसलं, औषध सुरू करून ४८ तासांत उतार पडला नाही, किंवा सहा महिन्यांत दोनदा त्रास झाला, तरी परत डॉक्टरांकडे. मग साखर, सोनोग्राफी बघतात. पाळी गेल्यानंतर वारंवार होत असेल तर त्यावर वेगळं मलमही असतं.

सासूबाईंना मधुमेह आहे. वयस्कर माणसात कधी जळजळ होतच नाही, नुसता ताप येतो किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतो. त्यांच्यासाठी धने-जिऱ्याचं पाणी घरात होतंच, पण तक्रार आली की त्याच दिवशी लघवी तपासायला जाते, हे आम्ही दोघींनी ठरवून टाकलंय.