दिल्ली ते लंडन, व्हाया अरबी समुद्र

माझी नोकरी नातेवाइकांना 'विमानतळावर काहीतरी' एवढीच ठाऊक असली, तरी "दिल्लीहून लंडन किती लांब, किती तास लागतात?" हा प्रश्न हटकून माझ्याकडेच येतो. पृथ्वीच्या गोलावरची जवळात जवळची रेघ धरली, तर अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर भरते. तेव्हा जाताना सव्वानऊ तासांच्या आसपास लागत, आणि त्यांत विमान इथल्या गेटवरून हलल्यापासून तिथल्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असे. हे उत्तर माझ्या जिभेवर बसले होते. २७ फेब्रुवारी २०१९ च्या बुधवारी ते माझ्याच टेबलावर चुकले.

मी एका विमान कंपनीच्या मुंबईतील नियंत्रण कक्षात डिस्पॅचर आहे. विमान कोणत्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जाणार, याचा फ्लाइट प्लॅन मी तयार करते. त्या दुपारच्या लंडनच्या विमानाचा प्लॅन सकाळीच झाला होता: पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्र, ही नेहमीची वाट. दुपारच्या सुमारास नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, आला आणि पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाली. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला समोरचे दारच उरले नाही.

उरलेली वाट म्हणजे आधी दक्षिणेला गुजरातपर्यंत उतरायचे, अरबी समुद्र ओलांडून ओमान गाठायचे आणि मग इराण, तुर्कस्तान करत युरोपात शिरायचे. हिशेब केला तेव्हा सुमारे बाराशे किलोमीटर आणि दीड तास वाढला. आमचे ते विमान ताशी सुमारे पाच टन इंधन पिते, म्हणजे साडेसात टन जादा. पण गोष्ट तिथे थांबत नाही, कारण जादा इंधनाचे वजन वाहून नेण्यासाठीही इंधन लागते. आमचा ढोबळ ठोकताळा असा की, जादा घेतलेल्या वजनातले दर तासाला तीन टक्के वाटेतच जळून जाते. त्यात त्या दिवशी सगळ्यांनाच तीच वाट हवी होती. समुद्रावर मनासारखी उंची मिळणार नाही, ३४ हजारांऐवजी २८ हजार फुटांवर अडकून पडावे लागेल, हे गृहीत धरून मी आकडे पुन्हा मांडले, कारण खाली हवा दाट असते आणि इंजिन अधिक खाते. माझ्या मते त्या दिवसाचे खरे कोडे किलोमीटरचे नव्हतेच, ते या सहा हजार फुटांचे होते.

वेळ वाढली तशी वैमानिकांच्या ड्युटीची मर्यादाही आड आली, आणि स्टँडबायवरच्या आणखी एका वैमानिकाला घरून बोलवावे लागले. तेवढ्यात दिल्लीच्या काउंटरवरून फोन आला, की प्रवासी विचारत आहेत, नऊ तासांचे पावणेअकरा कसे झाले? मी म्हटले, "त्यांना सांगा, वाट बदलली आहे." पलीकडचा मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आकाशात कसली वाट?" त्याला समजावायला माझ्याकडे वेळ नव्हता.

विमान दोन तास उशिरा उडाले. पाळी संपवून घरी आले तरी डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे साडेतीनच्या सुमारास रात्रपाळीच्या सहकाऱ्याचा संदेश आला, की विमान उतरले, मस्कतच्या नियंत्रकांनी मध्येच वर चढू दिले आणि टाकीत अंदाजापेक्षा सहाशे किलो इंधन जास्त उरले. त्याने खाली परतीचा आकडाही जोडला होता. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असल्यामुळे तोच वळसा घालून नऊ तास, म्हणजे एरवी जवळच्या वाटेने जायला लागत जवळपास तेवढेच.