टाक्यांबद्दल बोललो आज

एप्रिल हा सिझेरियन जागृतीचा महिना, त्या निमित्ताने आज आम्ही काही जणी गोल करून बसलो. आधी कुणी बोलेचना. मग एक हळूच म्हणाली, "बाळ सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला, असं सगळे म्हणायचे. म्हणून मी रडलेच नाही." त्यानंतर कुणी थांबेना.

माझी वार (प्लासेंटा, बाळाला पोषण देणारा अवयव) खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी होती. सिझेरियन झालं नसतं तर आज मी नसते, म्हणून त्याला नावं ठेवणं मला जमत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय, की एखाद्या लोकसंख्येत सिझेरियनचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. मग प्रत्येकीला निदान कारण तरी नीट समजावून सांगायला नको का?

एका सिझेरियननंतरही अनेकींचं पुढचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं, हे बऱ्याच जणींना आजच कळलं. गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, यावर बरंच अवलंबून असतं, आणि पोटावरच्या व्रणावरून तो कळत नाही. तेव्हा बायांनो, ऑपरेशनचे कागद जपून ठेवा.

निघताना सातव्या महिन्यातली एक जण डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत उतरवत बसली होती. मी तिच्याजवळच थांबले.