भंगार कागदावरून उतरवताना

मोहोळ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक म्हणून कार्यभार घेतला, तेव्हा चार्ज यादीत जळालेल्या पाणबुडी मोटारी, जीआय पाइप, जुने पथदिवे, संग्राम कक्षातले (ग्रामपंचायतीच्या जुन्या संगणक कक्षातले) संगणक असं बरंच काही होतं. सगळं एका खोलीत कोंबलेलं. सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, कशाला एवढी लिखापढी? भंगारवाल्याला बोलवा की, दुपारपर्यंत खोली मोकळी." खोली खरंच मोकळी झाली असती. नोंदवहीत मात्र सगळं तसंच राहिलं असतं, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेत 'मोटारी कुठे आहेत?' हा प्रश्न मलाच आला असता.

म्हणून सुरुवात नमुना 16 पासून, म्हणजे जडवस्तू संग्रह व जंगम मालमत्ता नोंदवहीपासून केली. शिपाई एकेक वस्तू बाहेर काढायचा, मी नोंद शोधायचो. वहीत नुसतंच 'मोटार, 5 एचपी'. कंपनी नाही, नंबर नाही. मग जुनी व्हाउचरं चाळायची. कंटाळवाणं काम, पण पुढचे सगळे वाद इथेच मिटतात. वापरता येण्याजोगी टेबलं अंगणवाडीला आणि शाळेला पोहोच घेऊन दिली. उरलेल्याची फोटोसह यादी, मासिक सभेचा निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू वहीतून कमी करण्याचा ठराव, पंचायत समितीमार्फत मंजुरीचा प्रस्ताव. यात वेळ गेला, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते मूल्यांकनाचं. आलेल्या पहिल्या तक्त्यात सगळा ढीग 'लोखंडी भंगार' म्हणून एकाच दराने धरला होता. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये तांबं असतं, आणि भंगारात तांब्याचा भाव लोखंडाच्या दहापटीहून जास्त. व्यापाऱ्याला हे पाठ असतं, आपल्याच लोकांना नसतं. शाखा अभियंत्यांना भेटून मोटारी, पाइप आणि किरकोळ लोखंड असे वेगळे गट करून घेतले आणि प्रत्येक गटाची हातची किंमत, म्हणजे जिच्याखाली माल द्यायचा नाही ती किंमत, वेगळी ठरवली.

संगणक आणि सीएफएल दिवे लिलावातून आधीच वगळले. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवा. हार्ड डिस्क आधी काढून घेतल्या. गावातल्या दाखल्यांची माहिती त्यात होती, ती कुणाच्या गोडाऊनमध्ये कशाला जाऊ द्यायची?

लिलावाची दवंडी दिली, शेजारच्या गावांत नोटिसा लावल्या. सोलापूरहून, मोहोळहून व्यापारी आले, एकमेकांना चहा पाजला आणि मोटारींच्या गटावर हातच्या किमतीपुढे कुणी जाईना. चहाच्या टपरीवरच सगळं ठरलं होतं, हे सांगायला पोलीस नको होता. पंचनामा करून तो गट रद्द केला आणि फेरलिलाव लावला. त्या वेळी पंढरपूरकडचा एक नवा माणूस आला आणि बोली आपोआप चढली.

अनामत रक्कम आणि जीएसटी नोंदणीची प्रत आधीच घेतलेली होती. ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने भंगार घेतलं, तर त्यावरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने त्यानेच भरायचा असतो. हे अटींत लिहिलं की नंतर घासाघीस होत नाही. पूर्ण पैसे ग्रामनिधीच्या खात्यात, नमुना 7 ची पावती, मगच माल गाडीत. किलोच्या दराने गेलेल्या लोखंडाचं वजन व्यापाऱ्याच्या काट्यावर नाही, चिंचोळी एमआयडीसीकडच्या काट्यावर, आमचा शिपाई सोबत देऊन.

नमुना 16 मध्ये प्रत्येक नोंदीपुढे ठराव क्रमांक, पावती क्रमांक आणि तारीख लिहून सही केली. एक लोखंडी कपाट तेवढं खोलीत उरलंय. त्याची नोंदच कुठल्या वहीत सापडली नाही, त्यामुळे ते विकताही येत नाही. आधी जमा दाखवायचं, मग निर्लेखन. येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर ते घेतलंय.