निजण्याआधीचा अर्धा तास

मंगळवार, रात्री साडेदहा

लेक झोपला. ह्यांची सेकंड शिफ्ट सुटायला अजून वेळ आहे. नाशिकच्या सातपूरहून इकडे वडाळा रोडला येईस्तोवर बारा वाजतील. तेवढ्यात आजचं लिहून ठेवते, नाहीतर सकाळी डब्याच्या गडबडीत राहून जाईल.

दिवा मालवल्यावर त्याने विचारलं, "अम्मी, आपण सगळे झोपलो की अल्लाहपण झोपतो का? मग अब्बांच्या बसकडे कोण बघतं?"

पाच वर्षांचं पोर. अब्बा घरात नसतानाच रोज झोपतं आणि सकाळी डोळे उघडतं तेव्हा अब्बा शेजारी घोरत असतात. मधल्या काळोखात काय होतं याची काळजी त्याने मनातल्या मनात किती दिवस वागवली असेल, या विचाराने पोटात कालवलं. तोंडून आपोआप आयतुल कुर्सी आली, कुराणातल्या सूरह बकरहची २५५वी आयत. निफाडच्या घरी माझी दादी आम्हा भावंडांच्या डोक्यावर हात ठेवून ती रोज म्हणायची, त्यामुळे कळायच्या आधीपासून पाठ आहे. आज मात्र ती एका सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणून म्हटली गेली. त्याला सांगितलं, अल्लाहला झोप नाही, साधी डुलकीसुद्धा लागत नाही. आभाळ आणि जमीन दोन्ही सांभाळतो आणि तरी थकत नाही.

"बसपण?"

"बसपण. ड्रायव्हरकाकांनापण."

एवढं ऐकून तो उजव्या कुशीवर वळला आणि खरंच झोपला. मीच जागी राहिले.

बुधवार

आज त्याला "ती कुर्सीवाली" पुन्हा हवी होती. मग पैगंबरांचे सोबती हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची गोष्ट सांगितली. बुखारीत, म्हणजे हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या) संग्रहात, आहे ती. रमजानच्या जकातीचं, म्हणजे दानाचं, धान्य राखायला पैगंबरांनी (स.) त्यांना बसवलं होतं. रात्री कोणीतरी आलं आणि ओंजळी भरभरून धान्य घ्यायला लागलं. अबू हुरैरांनी धरलं, तर गयावया करू लागलं: गरीब आहे, बायकापोरं आहेत. त्यांना दया आली, सोडून दिलं. दुसऱ्या रात्री तो पुन्हा हजर. तिसऱ्या रात्री पकडल्यावर म्हणाला, मला सोड, मी तुला एक कामाची गोष्ट शिकवतो. अंथरुणावर पडलास की आयतुल कुर्सी म्हण, सकाळपर्यंत अल्लाहचा राखणदार तुझ्याजवळ राहील आणि शैतान फिरकणार नाही. सकाळी हे कळल्यावर पैगंबर म्हणाले, आहे तो खोटारडा, पण हे तुझ्याशी खरं बोलला. तो शैतानच होता.

लेक उठूनच बसला. "हाताने पकडलं? शैतानला?"

मला ही गोष्ट फार आवडते ती याचसाठी. यातला शैतान हातापाया पडणारा भुरटा चोर आहे. आमच्या नात्यात काही मोठी माणसं पोरांना झोपवताना नेमकं उलटं करतात. झोप, नाहीतर शैतान येईल. खोटं बोललास तर अल्लाह जिभेला चटका देईल. माणसं प्रेमळ आहेत, त्यांनाही असंच झोपवलं गेलं असेल. पण माझ्या घरात, माझ्या लेकराच्या उशाशी हे चालणार नाही, असं मी स्पष्ट सांगून टाकलं आहे. काहींना ते लागलं. लागू दे. दिवसभरात अल्लाहचं नाव त्याच्या कानावर कितीदा पडतं, अजानमधून, सलामामधून, जेवायच्या आधीच्या बिस्मिल्लाहमधून. पण झोपताना पडलेलं नाव सगळ्यात खोल जातं, असं मला वाटतं. त्या वेळी त्या नावाशी भीती जोडली गेली, तर मोठेपणी ती कोण सोडवणार? हिशेब, आखिरत म्हणजे मरणानंतरचं जग, हे सगळं त्याला कळायचंच आहे, वयाने कळेल. नमाजसुद्धा सातव्या वर्षी सांगायची आहे. आत्ता त्याला एवढं पक्कं माहीत असावं, की त्याचा रब, त्याचा पालनहार, त्याच्या बाजूचा आहे.

शनिवार

सासूबाई आल्यात निफाडहून. तिकडचा पारा फार खाली गेलाय, गुडघे धरले म्हणून इकडे आल्या. नाशिकला काही उकडत नाही म्हणा, पण तिथल्यापेक्षा बरं.

थंडीचा एक फायदा आहे, इशा म्हणजे रात्रीची नमाज लवकर होते. जूनमध्ये इशाची अजान होईपर्यंत साडेआठ वाजतात आणि सगळा क्रम पुढे ढकलला जातो. आत्ता आठला जेवण उरकतं, मग दात, मग वजू, म्हणजे नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं. झोपण्याआधी नमाजसारखा वजू करून उजव्या कुशीवर निजावं, असं पैगंबरांनी सांगितलेलं आहे. गीझरचं कोमट पाणी असेल तर लेक खुशीत करतो, कोपरापर्यंत बाह्या वर करून, अर्धा सदरा ओला. बाथरूमची लादी रोज पुसावी लागते, त्याचं काही नाही.

मग अंथरूण झटकणं. हदीसमध्ये कारणही आहे: आपल्या पश्चात अंथरुणावर काय येऊन बसलं, आपल्याला ठाऊक नसतं. फ्लॅटमध्ये ते पटवणं जरा अवघड जायचं. आज सासूबाईंनी मळ्यातल्या घरात गोधडीच्या घडीतून विंचू निघाला होता त्याची गोष्ट सांगितली, आणि लेकाने गोधडी अशी झटकली की कपाटावरची धूळ खाली आली.

निजताना भांडी झाका, दिवे विझवा, दार लावा, बिस्मिल्लाह म्हणा, हेही सांगितलेलं आहे. दिव्याचं कारण त्याला भयंकर आवडलं, की उंदीर पेटती वात ओढत नेईल आणि घराला आग लागेल. तेव्हापासून गॅसचं बटण आणि सगळे स्विच तपासायचं काम त्याच्याकडे आहे. माठावरची ताटलीसुद्धा तोच ठेवतो, स्टुलावर चढून. मला वाटायचं दीन, म्हणजे धर्म, शिकवायचा म्हणजे बसवून शिकवायचा. घरातलं एखादं काम त्याच्या अंगावर टाकलं की ते जास्त मुरतं, हे त्याच्याकडे बघून समजतंय.

मग तीन कुल, 'कुल' शब्दाने सुरू होणाऱ्या कुराणातल्या तीन छोट्या सूरा. सूरह इख्लास, फलक, नास. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) सांगतात, पैगंबर रोज रात्री दोन्ही तळवे जोडून हे म्हणत, त्यांत फुंकर घालत आणि डोक्या-चेहऱ्यापासून जिथवर हात पोहोचेल तिथवर अंगावरून फिरवत, असं तीनदा. लेकाच्या फुंकरीत थुंकीच जास्त असते आणि टूथपेस्टचा वास. फलकमध्ये तो अजून अडखळतो. मी टोकत नाही. उच्चार बसवायला मकतबचे, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या वर्गाचे, उस्ताद आहेत, ते कामात पक्के आहेत. अंथरुणात मला तपासणी नको. पाहुण्यांसमोर उभं करून सूरा म्हणवून घेणंही मला पटत नाही.

आज त्याने स्वतःच्या अंगावरून हात फिरवले आणि तेच तळवे त्याच्या दादीच्या, सासूबाईंच्या, गुडघ्यांवर ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं. पैगंबर शेवटच्या आजारात होते तेव्हा हजरत आयेशा या सूरा म्हणून त्यांचाच हात त्यांच्या अंगावरून फिरवत, कारण त्या हाताला बरकत होती. सासूबाईंना ही रिवायत, हदीसमधली हकिकत, माहीत होती. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्याचे हात बराच वेळ गुडघ्यांवर धरून ठेवले.

तस्बीह-ए-फातिमीपर्यंत आम्ही क्वचितच पोहोचतो. ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. जातं ओढून हाताला घट्टे पडले म्हणून पैगंबरांच्या लेक हजरत फातिमांनी (रजि.) वडिलांकडे मदतनीस मागितला, तेव्हा पैगंबरांनी स्वतः घरी येऊन त्यांना हे दिलं, झोपताना म्हणायला. लेक बोटांच्या पेरांवर मोजतो आणि अल्हम्दुलिल्लाहच्या मध्येच कुठेतरी झोपतो. उरलेली मी पूर्ण करते. दिवसभराच्या कामाने दुखणारे हात घेऊन ती म्हणताना मला फातिमा फार जवळच्या वाटतात.

सोमवार

शाळेत भांडण. शेजारच्या बाकावरच्या मित्राने नवीन शार्पनर घेतलं आणि परत दिलं नाही. रात्री मी एका अन्सारी सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या मदीनेतल्या एका सोबत्यांची, रिवायत सांगितली, पैगंबर ज्यांना जन्नती म्हणाले होते. त्यांच्याकडे असं काय विशेष आहे ते बघायला एक तरुण सहाबी तीन रात्री त्यांच्या घरी राहिले. जादा नमाज नाही, काही नाही. शेवटी विचारल्यावर ते म्हणाले, मी मनात कोणाबद्दल आकस ठेवत नाही.

लेकाने छताकडे बघत विचार केला. "मी नाही माफ करणार."

"बरं."

"चालेल?"

"आज नाही वाटत ना, मग आज नको. पण त्याच्यासाठी दुआ तरी करशील?"

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "अल्लाह, त्याला त्याचं स्वतःचं शार्पनर दे. हिरवं. माझ्यासारखंच." आणि लगेच माझ्याकडे वळून, "पण माझं आधी परत आलं पाहिजे."

आमीन म्हटलं. उद्या बाईंना एक चिठ्ठी लिहावी म्हणते.