पक्ष्यांना जोडवी घालणारी बाई

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथे बेळगावात टिळकवाडीला लग्नाच्या पंगतीत विचारलंत, खानापूरच्या बसमध्ये विचारलंत, एकदा तर पालकसभेत पोराचे मार्क सोडून विचारलंत. "बाई, पक्ष्याच्या पायात ती कडी घालतात, त्याला त्रास नाही होत?" आणि त्यालाच जोडून, "मग हल्ली त्या कड्या घालायच्या शिबिरांना का जात नाही तुम्ही?" पहिल्या प्रश्नाला मी आजवर भाषण दिलं आणि दुसऱ्याला गुडघे दाखवले. दोन्हीचं उत्तर एकच आहे आणि ते मी कधी दिलेलं नाही.

आमच्या जाऊबाई अजून "ही पक्ष्यांना जोडवी घालायला मद्रासकडे जायची" अशीच माझी ओळख करून देतात. कडी म्हणजे नंबर कोरलेलं हलकं वळं, पक्षी पुन्हा कुठे सापडला तर तो कुठला ते कळावं म्हणून, हे आता तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. ते सोडते. फक्त एक दुरुस्ती. कडी मी घातलेली नाही. ती परवाना असलेला माणूसच घालतो. मी सुट्टीतली मदतनीस. जाळीतून पक्षी काढायचा, कापडी पिशवीत घालून आणायचा, वहीत लिहायचं.

चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरलं की तीन तासांत समुद्र, तो सोडून ऐन एप्रिलात कोडियाकराईला कशाला, असंही विचारता. तमिळनाडूचा खाली येणारा किनारा जिथे पश्चिमेला वळतो तो हा कोपरा. मिठागरं, डोळे दिपवणारं पांढरं ऊन, झुडपांत काळवीट आणि कुणाचीच नसलेली घोडी. एप्रिलात तिथे पक्षी कपडे बदलतात. हिवाळाभर करडा दिसणारा वाकड्या चोचीचा तुतवार विटेसारखा तांबडा होतो, कारण त्याला सायबेरियाच्या पार वरच्या टोकाला जाऊन घरटं करायचंय. त्याला हातात धरून गळ्यावर फुंकर मारली की पिसं बाजूला होतात आणि कंठाच्या खळीत पिवळी चरबी दिसते. तोच त्याचा प्रवासाचा डबा. सगळे जातही नाहीत. पहिल्या वर्षाचे बरेचसे तिथेच उन्हाळा काढतात, करड्याच कपड्यांत. ते बघायला मी जात होते. हे काही पाप नाही.

"ह्यात सुटतंय काय?" असं आमच्या गल्लीतले दुकानदार विचारतात. त्यांना मी माकडताप सांगते. १९५७ साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापानं फणफणली. विषाणू सायबेरियातल्या एका तापाच्या भाऊबंदांतला निघाला, तेव्हा शंका आली की पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर तो इकडे आला की काय. त्या शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा आला आणि पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या देखरेखीखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या गेल्या. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. २०१६ साली तोच ताप आपल्या शेजारी दोडामार्गात आला, तेव्हा गोचिडांबद्दल विचारायला तुम्हीच माझ्याकडे आला होता. गदगच्या मागडी तलावावर गळ्यात पट्टा असलेले पट्टकदंब दिसले, ते मंगोलियातले, हेही त्या पट्ट्यावरच्या अक्षरांमुळेच कळलं.

हे सगळं खरं आहे. पण हे इस्त्री करून ठेवलेलं उत्तर आहे. लहान पक्ष्यांत कडी घातलेल्या शंभरातला एकही पुन्हा सापडत नाही. माझ्या हातून गेलेल्यांपैकी एकही कुठे सापडल्याचं मला आजतागायत कळलेलं नाही.

आता ती सकाळ.

माझं तिसरं वर्ष. झाडीतल्या जाळ्यांची फेरी माझ्याकडे. नियम साधा होता. उन्हं चढली की दर वीस मिनिटांनी फेरी, आणि जाळीवर थेट ऊन आलं की जाळी गुंडाळायची. साडेआठच्या सुमारास कॉलेजची पोरं बघायला आली. त्यातल्या एका मुलीनं, चष्मेवाली, हातात वही, तुमचाच प्रश्न विचारला. त्याला त्रास नाही का होत?

मी अशी खुलले म्हणून सांगू! पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेली बाई मी. मान दोन बोटांत कशी धरायची, छाती कधी दाबायची नाही, पक्ष्याला छातीचा भाता हलवता आला नाही तर तो गुदमरतो, सगळं हातवारे करून सांगितलं. शेवटी म्हटलं, नीट केलं तर काही होत नाही. मग घड्याळ पाहिलं. फेरीला सतरा मिनिटं उशीर झाला होता.

शेवटच्या जाळीच्या खालच्या कप्प्यात नवरंग होता. ऊन त्याच्यावर आलं होतं. सुटायच्या धडपडीत दोनदा गरगरला असावा, दोरा पंखाच्या सांध्यावर आवळला होता. चोच उघडी. हिरवी पाठ, पंखावरचा निळा तुकडा, बुडाशी तो भडक लाल रंग, सगळं जाळीतून चौकोनाचौकोनांत दिसत होतं. पाय आधी सोडवायचे, मग पंख, डोकं शेवटी, हे मला झोपेतही येतं. त्या दिवशी पायच सुटेनात. शेवटी कात्रीनं एक दोरा कापला.

पिशवीत घातल्यावर नवरंग उड्या मारतो. पिशवी हाताला धक्के देते. ही देत होती. टेबलापर्यंत पाच मिनिटांची वाट. कुठल्या वळणावर धक्के थांबले ते मला आठवत नाही. आणि मी ते आठवायचा प्रयत्न केलेला नाही असं समजू नका.

शिबिराचे प्रमुख पकडीत कडी उघडून धरून बसले होते. त्यांनी पिशवीत हात घातला आणि जरा वेळ तसाच ठेवला. बाहेर काढला तेव्हा पापणी खालून वर मिटलेली होती. पक्ष्यांची तशीच मिटते. त्यांनी सवयीनं गळ्यावर फुंकर मारली, बघितलं, मला म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. नवरंग. ५४ ग्रॅम. नंबराचा रकाना मोकळा. शेरा: मृत. त्यांनी ती कडी पुन्हा तारेत ओवली. ती मुलगी माझ्या मागेच उभी होती. तिनं पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणखी एक नवरंग सापडला. तोच नंबर त्याच्या पायात गेला.

घरी येऊन मी काय सांगितलं? तो थकलेला होता, रात्रभर उडून आला होता, आमच्याकडे आला तेव्हाच अर्धमेला होता. यात अशक्य काही नाही. नवरंग रात्रीचा प्रवास करतो आणि दमून कुणाच्याही गॅलरीत पडतो. पावसाच्या तोंडावर तुमच्यापैकीच कुणी ना कुणी मला असा फोटो पाठवतं, "बाई, हा कोण?" तेव्हाची मी असं म्हणायची आणि तिला गप्प करणं सोपं नाही. ती म्हणते, मांजरं किती मारतात? काचेच्या इमारतींवर आपटून किती मरतात? सतरा मिनिटांचा हिशेब तुलाच का? खरं आहे तिचं. पण ते फुंकर मारत होते तेव्हा मीही वाकून बघितलं होतं. चरबी होती. थोडीच, पण होती. उपाशी नव्हता तो.

हे मी सांगितलं नाही आणि पुढे दोन वर्षं जातही राहिले. पक्षी मेला म्हणून मी सोडलं असं कुणाला वाटत असेल तर तेही खोटं. शेवटच्या वर्षी एका म्हाताऱ्या तमिळ गृहस्थांनी मोडक्या हिंदीत तोच प्रश्न विचारला आणि मी म्हटलं, नीट केलं तर काही होत नाही. जीभ अडखळली नाही. आवाजही तोच, वर्गातला. त्या रात्री मला माझीच भीती वाटली. गुडघे तेव्हा अगदी ठणठणीत होते.

म्हणून हे बंद करा म्हणाल तर मी सही करणार नाही. फिरत्या फेऱ्या, वेळेवर गुंडाळलेली जाळी, परवाना, वही, यातून जे कळतं ते दुसऱ्या कशानं कळत नाही. मग तू का जात नाहीस? ठाऊक नाही. काही दिवस वाटतं, जावं. मदतीला हात हवेच असतात.

तमिळमध्ये याला आरुमणी कुरुवी म्हणतात, सहाच्या ठोक्याला ओरडणारा. आपल्याकडे मराठीत नवरंग आणि कन्नडमध्येही नवरंगच. आपल्या गावात मराठी-कानडी पाट्यांवरून एवढं होतं, याच्या नावावरून अजून कुणी भांडलेलं नाही, म्हणून आपलं सांगितलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या रस्त्याला पहाटे गेले होते. दोन सुरांची ती शीळ, मग पानांचा आवाज, आणि हा पायवाटेवर येऊन गांडूळ ओढायला लागला. दुर्बीण पायांवर लावली. उजवा पाय मोकळा होता. डावा गवताच्या आड. मी श्वास धरून थांबले, तो जरा वळेल म्हणून. तेवढ्यात मागून दुधाची गाडी हॉर्न देत आली.