डॅनिश, पाचवा महिना: आजोबांची औटकी कामाला आली

पाचवा महिना संपला म्हणून नोंद टाकतेय. मधले दोन आठवडे गाडी एका जागी अडकली होती, आणि त्याचं कारण आत्ता कळलं, मी डॅनिश डोळ्यांनी शिकत होते. वाचलेलं बऱ्यापैकी कळायचं पण रेडिओ लावला की एक शब्द हाती लागायचा नाही. कारण लिहिलेली कितीतरी अक्षरं बोलताना गिळलेलीच असतात. 'मी'चं स्पेलिंग जे ई जी, म्हणतात 'याय'. 'आणि'चं ओ जी, म्हणतात नुसतं 'ऑ'. त्यामुळे क्रम उलटा केला, आधी कान मग तोंड आणि स्पेलिंग सगळ्यात शेवटी. नवीन सुरू करणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे.

करते काय, तर डीआर ही डेन्मार्कची सार्वजनिक प्रसारण संस्था, तिच्या मुलांसाठीच्या बातम्यांचा तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा घ्यायचा, तोच दहा वेळा ऐकायचा, मग फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दोन्ही लागोपाठ लावायचे. एखादा शब्द अडला तर 'डेन डॅन्स्के ऑर्डबॉग' हा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात बऱ्याच शब्दांना उच्चाराचा ऑडिओ असतो.

डॅनिशमधला एक अवघड उच्चार म्हणजे मऊ 'ड', त्यासाठी आरसा घ्या. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे टेकवून ठेवायचं, मधली जीभ थोडी उचलायची आणि वर कुठेच टेकवायची नाही. आपल्या कानाला तो 'ल'सारखा लागतो पण 'ल' म्हणायला गेलात की जीभ वर जाते आणि चुकतं. मला हे जमायला अकरा दिवस लागले, रोज दात घासल्यावर पाच मिनिटं. दुसरी गोष्ट 'स्टॉ', म्हणजे भरलेली बादली उचलताना घशात श्वास अडकतो ना, तसा स्वराच्या मध्येच बारीकसा अडथळा. 'हुन' म्हणजे ती आणि तोच अडथळा देऊन म्हटलेला 'हुन' म्हणजे कुत्रा! तो ऐकू यायला लागला त्या दिवशी मी खरंच खूप खूश होते.

आता आकडे, ज्यासाठी ही पोस्ट लिहायची होती. डॅनिश आकड्यांना सगळे घाबरतात. पन्नास म्हणजे 'हालट्रेस', आणि ते ज्या जुन्या लांब शब्दाचं छोटं रूप आहे त्याचा अर्थ 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. अर्धा तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा, म्हणजे अडीच. आणि आपला 'अडीच' शब्द कुठून आला? संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे तोच अर्धा तिसरा! अडीच विसा पन्नास. सत्तर म्हणजे 'हालफ्येर्स', अर्धा-चौथा गुणिले वीस. हे मी घरी मोठ्याने म्हणत होते तर आजोबा आतून म्हणाले, "अगं, ही तर औटकी." साडेतीनचा पाढा, औट म्हणजे अर्धचतुर्थ. औट विसा सत्तर. मग साठ तीन विसा, ऐंशी चार विसा, नव्वद साडेचार विसा, झालं. तीस-चाळीस तेवढे विसाच्या हिशोबात नाहीत, ते सरळ पाठ करायचे. दीडसाठीसुद्धा त्यांचा रोजच्या वापरातला शब्द आहे, 'हालॲनन', अर्धा-दुसरा. आणि एकक आधी म्हणायचा, पंचवीससारखंच 'फेम-ऑ-ट्यूव', पाच आणि वीस. हे इंग्रजीतून शिकणाऱ्यांना जड जातं, तुम्ही इंग्रजीत वळवूच नका, थेट मराठीतून जा.

घड्याळही तसंच, 'हाल ट्रे' म्हणजे अडीच वाजले, साडेतीन नाही.

व्याकरण तसं हलकं आहे. क्रियापद मी-तू-तो कुणासाठीच बदलत नाही, फक्त ते वाक्यात दुसऱ्या जागी हवं, म्हणजे आज पिते मी कॉफी. लिंगं दोन, त्याला नियम शोधत बसू नका, प्रत्येक नाम त्याचं लिंग दाखवणाऱ्या 'एन' किंवा 'एट' या शब्दासकट पाठ करा, मी पहिले दोन महिने हे टाळलं आणि आता तीनशे शब्द परत घोकतेय.

पुढच्या महिन्यात ओठ गोल करून म्हणायचे स्वर, ओठ 'ऊ'चे ठेवून 'ई' म्हणायचं आणि 'ओ'चे ठेवून 'ए'. कुणी स्टॉचा सराव वेगळ्या पद्धतीने करत असेल तर नक्की लिहा, लांब वाक्यात तो अजून माझ्या हातून सुटतो.